फिरवील

तांडापेठ, नागपूर
ता. ४ डिसेंबर १९७४

चि. प्रेमिलास आजी अंजनाबाईचे अ. उ. आ.

हे पत्र मीच लिहून राहिली, कोणाकडून लिहवून घेतलं नाही. प्रौढ वर्गाच्या बाईंनी जेवढं शिकवलं तेवढं येते. हसजो नोको.

इकडे मागाचा खटखटाट चालू, तुझ्या बापाची चिडचिड चालू, म्हणजे घर ठीक आहे. तुझा बाप बळीराम सांगत होता, का वर्ध्याले मास्तरीण होऊन पोट्टी एक-एक सामान जमवून सायकल बनवून राहिली, अन् त्यावर गावोगाव फिरणार. म्हणे, काहून? तयार सायकल दुकानात भेटत नाही? मी म्हटलं, तयार लुगडं बी दुकानात भेटते, मंग तू कायले विणतं गा? तर उठून मागावर जाऊन बसला.

आता माझं मागणं ऐक. मांगचं कॅरिअर दणकट लाव, मले बसाचं आहे. मोटारीत पाय ठेवला का माझं पोट तोंडात येते, तुले माहीत आहे. पारशिवनीले गोदूच्या घरी पहिले छकड्यानं जात होती. छकडा गेला, मोटार आली, अन् माझी सख्खी बहीण परदेशी झाली. ती बी येत नाही, तिचं बी पोट तसंच. एकाच मायच्या लेकी! तुझी सायकल मले तिच्या दारापर्यंत नेईल का, तेवढं लिही. मी वाळल्या भेंडीएवढी आहे.

तुझीच,
आजी

वर्धा
ता. ११ डिसेंबर १९७४

ती. आजीस प्रेमिलाचा शि. सा. न. वि. वि.

आजी, नेईन! नक्की नेईन. पण तू बसणार म्हटल्यावर सगळं सामान पुन्हा निवडायला घेतलं. हलकी रिम आणली होती, ती परत करून जाड घेतली. मागच्या चाकाच्या तारा माझ्या हातानं ओवल्या, तू ताणा ओवतेस तशा. चाक अजून जरा लचकतं, शाळा सुटली की बसते सरळ करत. सीट स्प्रिंगची घेतली. पुढे टोपली लावणार आहे, तुझ्या पानाच्या डब्यासाठी.

दोन वस्तू इथे मनासारख्या मिळत नाहीत. गांधीबागेजवळ चंपतरावांचं सायकलचं दुकान बाबांना माहीत आहे. तिथून कॅरिअर आण, आणि स्वतः बसून पाहिल्याशिवाय घेऊ नकोस. दुसरं फ्रीव्हील. कुत्रे मात्र दमदार हवेत. कमजोर कुत्रे ऐन चढावर दगा देतात. आवाज ऐकूनच घे.

संक्रांतीच्या सुट्टीत सायकल रेल्वेत टाकून आणते. उरलेलं अंगणात जोडू. बाबांना राग येऊ देऊ नकोस, आला तर पोहे दे.

तुझी,
प्रेमिला

तांडापेठ, नागपूर
ता. २३ डिसेंबर १९७४

चि. प्रेमिलास अ. उ. आ.

तुझी दोन्ही कामं केली. चंपतरावाच्या दुकानात मी कॅरिअरवर बसून पाहिली. तो म्हणे, आजीबाई, यावर तांदळाचं पोतं राहते. मी म्हटलं, पोतं बोंबलत नाही, मी बोंबलीन, म्हणून मजबूत दे. दिलं बिचाऱ्यानं.

दुसऱ्या कामाच्या मधात तू लिहिलं 'फिरवील'. कोण फिरवील, ते लिहाचं राहून गेलं वाटते. असो. पण कुत्र्यांची गोष्ट मले पटली. जवान पोट्टी अन् म्हातारी, रस्ता सुनसान, संगं कुत्रे पाहिजेच. शेजारच्या सुभद्राची कुत्री व्याली होती. एकेक पिल्लू कानापाशी धरून आवाज ऐकला. दोन निवडले. एक तर असं भुंकते, जसं पाटलानं पंचायत बोलावली. चढावर दगा देणार नाहीत, मी रोज भाकर चारून राहिली.

पण बळीराम बिघडला वं. म्हणते, पोरीनं घरी जोडलेल्या सायकलवर मी माझ्या मायले बसू देणार नाही, नट ढिला निघाला तं? पोहे दिले. खाल्ले, अन् तरी नाहीच म्हणे. गोदूले तं मी निरोप धाडून बसली. आता तूच काही कर.

वाट पाहणारी,
आजी

वर्धा
ता. ३० डिसेंबर १९७४

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

आजी गं! पत्र वाचून मी इतकी हसले की घरमालकीण धावत आली. अगं, फ्रीव्हील म्हणजे मागच्या चाकाचं दातेरी चक्र. त्याच्या पोटात दोन लोखंडी खटके असतात, त्यांना मिस्त्री लोक कुत्रे म्हणतात. पायडल थांबलं की टिकटिक करतात, ते कुत्रेच. पिल्लं राहू दे, आता ती आपलीच.

हे पत्र बाबांना वाचून दाखव. बाबा, तुम्ही निवडलेलं फ्रीव्हील मी डोळे मिटून लावीन, आणि सगळे नट तुम्हीच आवळा. मग तरी आजीला बसू द्याल ना?

सर्वांची,
प्रेमिला

मु. पारशिवनी
ता. २२ जानेवारी १९७५

चि. प्रेमिलास आजीचे अ. उ. आ., अन् गोदू आजीचे बी.

तू मले इथं उतरवून वर्ध्याले गेली, तवापासून गोदू अन् मी बोलूनच राहिलो. तोंड दुखते, पण थांबत नाही.

तुझ्या बापाची एक गोष्ट तुले सांगाची राहिली. तुझं पत्र ऐकलं अन् सायकलीले शिव्या देत देत चंपतरावाच्या दुकानात गेला, मी बी संगं गेली. एकेक चक्र कानापाशी धरून फिरवे, अगदी मी पिल्लू धरलं तसं! मी पाहिलं, पण हसली नाही. अंगणात नट आवळताना त्याचं तोंड पाहिलं ना तू? लग्नात बी एवढा खुश नव्हता.

अन् कन्हानचा पूल वं! छकड्यात बांबूच्या ताटीमुळे नदी दिसतच नव्हती. त्या दिवशी पुरी पाहिली. उतारावर तू पाय थांबवले अन् तुझे कुत्रे टिकटिक करू लागले, तं पानाच्या डब्यासंगं टोपलीत बसवलेला खरा कुत्रा त्याहीवर भुंकला! सारे रस्त्यावरचे पाहून राहिले होते. माझं पोट जरा बी हाललं नाही.

ते पिल्लू गोदूले देऊन टाकलं, तिच्या वावरात डुकरं येतात. दुसरं घरी बळीरामच्या मागाखाली झोपते, तो नाही म्हणते पण दूध तोच पाजते. इथल्याचं नाव मी 'फिरवील' ठेवलं. गोदू म्हणे, हे काय नाव? मी सारी गोष्ट सांगितली. ती पोट धरून हसली, अन् मंग म्हणे, अंजने, त्या कॅरिअरवर मी मावीन का? मले नागपूर पाहाचं आहे.

तं आता शिमग्याले ये. पहिले मले घरी सोड, मंग वापस येऊन तिले ने. बळीरामले सांग, नट पुन्हा आवळून ठेव म्हणा. ती माझ्याहून जड आहे.

कोण फिरवील, ते मले आता समजलं वं.

माया पातळ होऊ देजो नोको.

तुझी,
आजी