कोट घातला की मराठी बंद

अण्णा,

परवा वाघोलीच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये तुमचा आवाज ऐकला. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, पण माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. "ह्याला मुंगीचा पाय घसरल्याला बी ऐकू येतो," असं तुम्हीच आल्यागेल्याला सांगायचा. तेव्हा भास झाला असेल म्हणून मला वाटेला लावू नका. भर दुपार होती, पंगतीऐवजी टेबलं मांडली होती, आणि आवाज आला तो यवतमाळकडून आलेल्या, माझ्याकडेच कामाला असलेल्या एका मुलीच्या तोंडून. "नो ट्रबल, सर." तोच खालचा सूर, 'सर'वर आवाज तसाच हलका लवलेला. मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला होतो. हातातली ताटली तशीच धरून उभा राहिलो.

आधी माझं सांगतो, कारण तुम्ही गेलात तेव्हा मी दुसऱ्याच्या हॉटेलात राबत होतो. आता माझा स्वतःचा धंदा आहे. लग्नांना आणि कंपन्यांच्या पार्ट्यांना वाढायला, आदबीनं वागायला शिकवलेली माणसं पुरवतो. तुमच्या वेळी वेटर म्हणायचे, मी सर्व्हिस स्टाफ म्हणतो. माणसं तीच, नाव बदललं की गिऱ्हाईक घासाघीस कमी करतं. बिबवेवाडीत घर आहे, वाघोलीला शिकवणीचा हॉल आहे, आणि त्याच्या भिंतीवरच्या फळ्यावर पाहुण्यांशी बोलायची बारा वाक्यं आहेत. ती कुठून आणली, असं सगळे विचारतात. मी नुसता हसतो.

ती तुमचीच आहेत. छावणीतल्या त्या जुन्या क्लबात तुम्ही वेटर म्हणून लागलात तेव्हा गोरा साहेब जाऊन वीस वर्षं झाली होती. तुम्ही एकही इंग्रज जवळून पाहिला नव्हता. पण तुमच्या हेड बेअररनं, सगळ्या वाढप्यांच्या म्होरक्यानं, पाहिले होते. त्यानं तुम्हाला पितळी बटणांचा पांढरा कोट दिला आणि सांगितलं, कोट घातला की मराठी बंद. साहेबाला नाही म्हणायचं नाही, त्याचं बोलणं आपल्याला कळलं असं दाखवायचं नाही, आणि काही झालं तरी आपल्याला त्रास नाही. साहेब बोटीत बसून गेला, पण त्याच्यासाठी घडवलेला आवाज इथंच राहिला, आणि त्याला रोज कुणाचा तरी गळा लागायचा. तुमचे मेंबर तर सगळे इथलेच, निम्मे पेठांमधले. ते मराठीत मागायचे, तुम्ही इंग्रजीत वाढायचा.

घरीसुद्धा तसंच. सकाळी आरशासमोर कोट चढवला की तुम्ही आईला उत्तर द्यायचं थांबायचा. ती मुद्दाम छेडायची. "अवो, संध्याकाळी भाजी काय आणू?" तुम्ही मान हलवायचा. "साहेब, भाकरी चालंल का डबलरोटी?" आम्ही हसून लोळायचो, तुमच्या मिशीखालीही काहीतरी हलायचं, पण शब्द नाही. संध्याकाळी कोट खिळ्याला अडकला की खडकवासल्याकडचं आपलं गाव तुमच्या तोंडून धो धो वाहायला लागायचं.

मी एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा आजी गेल्याचा निरोप घेऊन मी क्लबात आलो. जेवणाची वेळ. मी दारातूनच म्हणालो, "अण्णा, आजी गेली." तुमच्या हातात सुपाचे वाडगे. तुम्ही माझ्याकडे पाहता, अगदी अनोळखी पाहुण्याकडे पाहावं तसं, आणि म्हणता, "थँक यू. वेट आउटसाइड, प्लीज." मी काचेतून बघतोय. तुम्ही सहा टेबलं वाढता. एक थेंब सांडत नाही. एक मेंबर काहीतरी विनोद करतात, तुम्ही बेतानं हसता. मग मागच्या दारानं बाहेर येता, एक एक बटण सोडता, कोटाची घडी घालता, माझ्या हातात देता, आणि तिथंच भांडी घासायच्या दगडावर बसून ओरडता, "माझी आय गेली रं!" मला तेव्हा तुमचा राग आला होता. त्यानंतर बरेच दिवस मी तो कोट खिळ्यावर पाहिला की खोलीत आणखी कुणीतरी उभं आहे असं वाटायचं.

आता परवाचं. गरम पदार्थांच्या मोठ्या भांड्याचं झाकण उघडताना त्या मुलीचा हात वाफेत सापडला. शेजारी उभ्या असलेल्या एका पाहुण्या आजोबांनी पाहिलं आणि कळवळून विचारलं, "अगं पोरी, भाजलं का तुला?" आणि ती हसून म्हणाली ते वर लिहिलंच आहे. फळ्यावरचं सातवं वाक्य. मी धावत गेलो, तिला मागं मोरीवर नेलं, हात नळाखाली धरला. कातडी वर आली होती. विचारलं, "दुखतंय का?" तिनं माझ्या सुटाकडे पाहिलं. "नो, सर." मग मी काय केलं माहीत आहे? सुटाचा कोट उतरवला, खाली टाकला, आणि पुन्हा विचारलं. तेव्हा ती रडायला लागली. "लय आग होऊन रायली जी."

तिला डॉक्टरांकडे नेलं, हात बरा होईल. दुसऱ्या दिवशी मी सातवं वाक्य पुसलं. माझा मॅनेजर म्हणाला, "सर, मग दुखलं तर त्यांनी काय म्हणायचं?" मी म्हटलं, दुखतंय म्हणायचं. तो म्हणाला, "ते शिकवावं लागेल का?" पुणेकर आहे, टोमणा मारला की खरंच विचारलं, कळायला मार्ग नाही. फळ्यावर ती जागा अजून रिकामी आहे.

आणि आता ते, ज्यासाठी हे लिहायला बसलो. दवाखान्यातला तो दिवस. आदल्या दिवशी तुम्ही आईला म्हणाला होता, "पोटात कुणी इळा फिरवतंय गं." मी पलीकडच्या खोलीत होतो, मला ऐकू आलं होतं. सकाळी डॉक्टर आले, पांढरा कोट, आपल्यातलेच, वयानं माझ्याएवढे. मराठीतच म्हणाले, "काका, कुठं दुखतंय?" तुम्ही उशीवरून मान उचललीत, अंगातला सदरा सारखा केलात आणि म्हणालात, "नो ट्रबल, सर." डॉक्टरांनी कौतुकानं पाहिलं. "अरे वा, काका इंग्रजी छान बोलतात." मग माझ्याकडे वळून विचारलं, "बरे आहेत ना?" मी म्हणालो, "येस, डॉक्टर." ते पुढच्या खाटेकडे गेले. दोन दिवसांनी तुम्ही गेलात.

तुमचा सूर बदलला तेव्हाच मला कळलं होतं की तुम्ही खोटं बोलताय. ह्या कानांना ते कळणार नाही असं होणं शक्य नव्हतं. भीतीनं किंवा गोंधळून मी 'येस' म्हणालो असतो तर निदान तसं लिहिलं असतं. पण डॉक्टरांनी तुमचं इंग्रजी वाखाणलं, आणि त्या एका क्षणी मला तुमचा अभिमान वाटला होता. तो मला मोडवेना.

मघाशी हे सगळं मोठ्यानं वाचून पाहिलं. कॉलेजात एकानं "गाव लांबचं दिसतंय" म्हटलं, त्या दिवसापासून मी आपलं बोलणं घासून घासून असं केलंय. हा आवाज ऐकून तुम्ही उठून उभे राहिला असता आणि 'येस, सर' म्हणाला असता. म्हणून ह्या आवाजातलं इथंच थांबवतो. आपल्या बोलीत लिहायला बसलो तर नक्कल केल्यासारखं होतं. एकच वाक्य जमलं, तेही तेव्हा विचारायचं होतं.

अण्णा, लई दुखत व्हतं का?