दोनदा वाचून दाखवलेलं उत्तर

चंद्रपूर, रविवार, १७ सप्टेंबर २००६

आई, तुला लिहायला पंधरा वर्षं लावली, माफ कर. आधी दुःख होतं म्हणून लिहिलं नाही, मग नोकरी लागली, पुढे तुला काही सांगायची सवयच उरली नाही. आजही तुझी आठवण दाटून आली म्हणून बसले आहे, असं नाही. थकले आहे, आणि कशानं थकले आहे ते दुसऱ्या कुणाला सांगावं हे कळत नाही. दुपारचे तीन वाजलेत. मुलं क्लासला गेलीत, हे झोपलेत, घरात पंख्याचा तेवढा आवाज आहे.

माझं काम तुला आधी समजावून सांगावं लागेल. तू गेलीस तेव्हा जिवतीच्या पहाडावरून एक ट्रंककॉल लागायचा तर सकाळची दुपार व्हायची. आता काही गावांत ग्रामपंचायतीच्या खोलीत कॉम्प्युटर आहे. गावातला माणूस तिथं येऊन प्रश्न सांगतो. कुणाच्या धानावर तुडतुडे आलेले असतात, कुणाच्या शेळीच्या तोंडात फोड, कुणाला स्वतःचाच खोकला. केंद्र चालवणारा तो प्रश्न टाइप करून पाठवतो आणि नागपूरचे डॉक्टर किंवा शेतीतले जाणकार दोन-तीन दिवसांत उत्तर लिहितात. मी त्यातलं भाषांचं काम बघते. आधी सगळं मराठीत होतं. गेल्या वर्षी हिंदी आली, यंदा सिरोंच्याकडे तेलुगू आणि पहाडावर गोंडी. पुण्याहून प्रोग्रॅम लिहिणारा फोनवर म्हणाला, 'यादीत दोन नावं वाढवायची मॅडम, बाकी काय.' तेलुगूची अक्षरं आठवडाभर नुसती चौकोनी खोकी दिसत होती. ती दुरुस्त झाली आणि तिकडं कामही सुरळीत सुरू झालं. गोंडीचं तसं नव्हतं. चंद्रपूरचे एक निवृत्त गोंड शिक्षक उत्तरं देवनागरीत गोंडीत लिहून देत, पण ती वाचणार कोण? ज्याला वाचता येतं तो शाळेत मराठीच वाचायला शिकलेला, आणि ज्याला गोंडीच लागते त्याला वाचता येत नाही. बैठकीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तिथंच नियम लिहून दिला: गोंडी उत्तर केंद्रचालकानं विचारणाऱ्याला मोठ्यानं, दोनदा वाचून दाखवावं. ते 'दोनदा' माझंच. त्या दिवशी घरी येताना आपण नीट विचार करून काम केलं असं मला वाटत होतं.

पोळ्यानंतर जिवतीकडच्या एका केंद्रावरून गोंडीतले प्रश्न यायचे एकदम थांबले. ऑफिसमध्ये म्हणाले, गोंडीला मागणीच नसेल. मला ते पटलं नाही, म्हणून परवाच्या गुरुवारी स्वतः गेले. केंद्रचालक चाळिशीचा, तिथलाच, घरात गोंडी बोलणारा. त्यानं चहा सांगितला.

'प्रश्न काऊन बंद झाले, भाऊ?' मी विचारलं.

'लोकायले काई होऊनच नाई राह्यलं म्याडम. सारे तंदुरुस्त झाले,' असं म्हणून तो हसला. मी हसले नाही, तसा तो कॉम्प्युटरवरची धूळ पुसायला लागला. 'तुमीच त लिवलं होतं, दोनदा वाचाचं. मी दोनदा वाचलं.'

मग हळूहळू त्यानं सांगितलं. पलीकडच्या पाड्यावरची एक बाई. बाळंतपण होऊन वर्ष झालं, तेव्हापासून अंग बाहेर येतं आणि आता अंगावरून रक्तही जातं. हे तिनं त्याला सांगितलंच नव्हतं. विहिरीवर पाणी भरताना त्याच्या बायकोला सांगितलं, बायकोनं घरी त्याला, आणि त्यानं टाइप केलं. उत्तर आलं ते पोळ्याच्या आधीच्या बाजाराच्या दिवशी. ओट्यावर घासलेटची रांग लागलेली. ती बाई दारात आली तशी त्यानं तिला तिथंच उभं केलं आणि माझ्या नियमाप्रमाणे वाचायला सुरुवात केली.

'अर्धं झालं नाई त ते निंगाली. मले वाटलं ऐकू नसन आलं. म्हणून दुसऱ्या बारीले आणखी जोरानं वाचलं. ते चालून राह्यली, मी वाचून राह्यलो.'

'आणि लोक?'

'लोक का म्हणतीन, हासले. एक जण म्हणे, डाक्टरसाहेब, आता माह्या बायकोचंबी वाचा.' त्यानं चहाचा कप बाजूला सरकवला. 'तिचा नवरा तिले म्हणे, गावाले दाखवाले गेली होती का तू? तवापासून कोनी बाई इकडं फिरकली नाई. माही घरवाली त माह्यासंगं बोलून नाई राह्यली.'

दवाखान्यात ती गेलेली नाही. उत्तरात डॉक्टरांनी लिहिलं होतं, ओझं उचलू नये, रक्त जात आहे तेव्हा आठ दिवसांच्या आत तपासून घ्यावं, उपचारानं हे बरं होतं. त्याला महिना होत आला. आमच्या तक्त्यात तिच्या प्रश्नापुढं 'उत्तर पोहोचले' असं लिहिलेलं आहे. नाव नाही. गुप्तता राहावी म्हणून आम्ही नावं घेत नाही, हेही मीच बैठकीत आग्रहानं मांडलं होतं. प्रश्न कोणत्या भाषेत, एवढं आमचा फॉर्म विचारतो. तो कुणाच्या तोंडून आला आणि उत्तर कुणाच्या तोंडून जावं, ते विचारायला त्यात जागाच नाही.

येताना बसमध्ये, तू जिथं नर्स होतीस ते आपलं उपकेंद्र डोळ्यांपुढून हलेना. पुढच्या खोलीत तुझं टेबल आणि औषधाचं कपाट, मागच्या दोन खोल्यांत आपण दोघी. बाबा मूल गावी राइस मिलवर कामाला, पंधरवड्यानं यायचे. पुढच्या दारानं पुरुष येतात, ताप सांगतात, गोळ्या घेतात, जातात. बाया मागच्या दारानं थेट चुलीपाशी येतात. कुणाच्या ओच्यात चारोळी, कुणाच्या टोपलीत वास्ते, बांबूचे कोवळे कोंब. तू कुणाला 'काय झालं' म्हणत नाहीस. निवडायला लाखोळीच्या डाळीचं सूप तिच्यापुढं सरकवतेस आणि स्वतः भाकर थापत राहतेस. दोघी गोंडीत काहीबाही बोलता, बैलाचं, सासूचं. तास जातो. मग ती मान खाली घालून, डाळीतला खडा शोधता शोधता, दोन वाक्यं बोलते. तुझा हात थांबत नाही. तू तव्याकडे बघूनच उत्तर देतेस.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, दिवाळीला घरी आलेली. अशीच एक बाई बसली होती आणि मला भूक लागली होती. मी पुढच्या खोलीतून रजिस्टर आणलं, पेन उघडलं आणि म्हणाले, 'हिला काय होतंय ते एकदा विचार ना, मी लिहून घेते.' तू मला पाणी आणायला पाठवलंस. घागर घेऊन आले तर ती निघून गेली होती. 'तू शिकली, चांगलं झालं,' तू म्हणालीस. 'पण समोरच्याले बोलाले जेवढा वेळ लागते तेवढा तुह्यापाशी नाई. आता ते पंधरा दिवस येत नाई, अन् मी काई तिच्या घरी जाऊन विचारू शकत नाई.' मला राग आला होता. मी विचारलं, 'तू तिची नर्स आहेस का मैत्रीण?' तू हसलीस. 'दोन्ही कामाचा पगार एकच भेटते.'

ती बाई पुढे आली की नाही, हे मी तुला कधी विचारलं नाही. त्याच सुट्टीत तू म्हणाली होतीस, बस इथं, ऐकत जा, गोंडी आपोआप येते. मी इतिहासाचं पुस्तक घेऊन पुढच्या खोलीत जाऊन बसले. निघताना तू मला खात्याचं एक कोरं रजिस्टर दिलंस, डायरी लिहायला. तेव्हापासून रोज लिहिते. इतक्या वर्षांत स्वतःबद्दल बरंच खरं लिहून झालं असं मी समजत होते.

गुरुवारचं सगळं तुला अजून सांगितलेलं नाही. मी पाड्यावर गेले होते. केंद्रचालकानं लांबूनच घर दाखवलं आणि तो मागे फिरला. अंगणात एक बाई डोक्यावरची लाकडाची मोळी उतरवत होती. उतरवून झाल्यावर कमरेवर हात ठेवून तशीच वाकून उभी राहिली. मग तिनं माझ्याकडे बघितलं. मी वाटेत मनाशी जुळवलेलं सगळं मराठीत होतं. मी म्हणाले, 'येर.' पाणी. गोंडीतला एवढाच शब्द ओठांवर आला. तिनं गडवा भरून आणून दिला. मी प्यायले, गडवा परत दिला आणि बस सुटेल म्हणून निघून आले. बसला अजून पाऊण तास होता.

हे पत्र तुला धाडता येत नाही आणि दुसऱ्या कुणाला दाखवायची माझी हिंमत नाही, ते या वहीतच राहील. एवढं मात्र लिहून ठेवते. या नोकरीच्या अर्जात 'अवगत भाषा' असा रकाना होता. त्यात मराठी, हिंदी, इंग्रजीनंतर मी गोंडी लिहिलं होतं. आईनं बारा वर्षं पहाडावर नोकरी केली, असं मुलाखतीत सांगितलं, आणि त्यांनी पुढे काही विचारलं नाही. म्हणून त्या बैठकीत सगळे माझ्याकडे बघत होते.

उद्या: सकाळी सातच्या गाडीनं जिवती, केंद्रचालकाच्या बायकोला भेटून, पाड्यावर सोबत याल का, असं विचारायचं.