भाचीनं मामाला सरळ केलं त्याची हकिकत

मु. लिंबागणेश

तीर्थस्वरूप रामप्रसाद दाजींस,

बंकटचा साष्टांग नमस्कार (आता खरंच साष्टांग घालता येतो, उठवायला माणूस लागत न्हाई). तुमचा खोकला बसला असंल, आक्काचे गुडघे चालते असतील. फोनच केला असता, पण तुमी मधीच हसायला लागता आन माझं सांगायचं राहून जातं.

तुमाला ठाऊकच हाय, मेंढरं राखायची म्हंजे काठी काखंत आन एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर. जलम तसाच उभ्यानं गेला, म्हणून मी पार उजवीकडं कलून गेलतो. श्रावणात ओढा वलांडताना खांद्यावरच्या कोकरासकट आडवा झालो. कोकरू उठलं, मी न्हाई. आमच्या मंडळीनं, ताराबाईनं, तिथंच सांगून टाकलं, आता मेंढरं सटवाला देऊन टाका. (सटवाला! जो सवताचा बैल दुसऱ्याच्या गोठ्यात बांधून येतो.) मी रुसून जेवलो न्हाई. म्हंजे घरी जेवलो न्हाई.

तेवढ्यात तुमची सुकन्या आली, हातानं अंग सरळ करायचं शिकून. मला वाटलं पोरगी कडाकडा हाडं मोडंल, म्हणून आधीच वरडून घेतलं. तर तिनं नुसता मानंखाली हात ठेवला. म्हणली, "मामा, डोकं सोडा."

"सोडलंय की."

"न्हाई, तुमीच धरून ठेवलंय."

दाजी, खरंच धरलं होतं. सोडलं तवा डोळ्यातून पाणी आलं, कशापायी ते कळलं न्हाई. मग तळपायापाशी काम अडलं. आपल्यात मामानं भाचीच्या पाया पडायचं, तिचा हात मामाच्या पायाला लागला तर पाप. शेवटी असं ठरलं, की तिनं पाय धरायच्या आधी मी तिच्या पाया पडायचं. त्यावर ती म्हणती, "पडा, पण पाठीतून न्हाई, खुब्यातून वाका." म्हंजे पाप बी फिटलं आन व्यायाम बी झाला.

मग तिनं मला उभं केलं. मी भिंत धरून बोंबललो, डावीकडं पडतोय! ती म्हणली, "मामा, तुमी पयल्यांदाच सरळ उभे ऱ्हायलात." रोज मला असं उभं करायची, तवा कुठं जमीन ताळ्यावर आली.

परवा ओढा वलांडला. मेंढरं म्होरं, मी मागं, काठी नुसती हातात. ताराबाई काठावर पदराचं टोक दातात धरून उभी. मी पल्याड पोचलो आन सटवाला निरोप तिनंच धाडला, मेंढरं मिळायची न्हाईत. असो. इकडं सगळं झ्याक हाय, काळजी नसावी.

तुमचा,
बंकट

ता. क. : खरं काम हे हाय. ताराबाईला हाक मारली तर ती मान वळवत न्हाई, सगळीच्या सगळी वळती. उसाच्या मोळ्या वाहून मान धरलीय, पण इचारलं की म्हणती, मला काय धाड भरलीय? तवा आक्कानं तिला पापड लाटायला म्हणून तलवाड्याला बोलवावं, आन तिकडं परतलेल्या सुकन्याचा हात लागू द्यावा. ताराबाईला ह्यातलं काई कळू देऊ नका.

आणखी ता. क. : पाकीट चिकटवायला तिच्याकडंच दिलं. तिनं वाचलं. गुरुवारी येते म्हणती. पापड दाजींनी लाटायचे.