झाडांविरुद्धचा दाखला

१४ मे, दुपार

प्रिय वहिनी,

नमस्कार. तुमच्या आईचा गुडघा आता कसा आहे? इकडे सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. यापुढे खोटं लिहिणार नाही.

दादाने कुरणातली अकराही झाडं पाडली, हे कळलंच असेल. गवत कापायचं यंत्र आता सरळ रेषेत धावतं. येणाऱ्याजाणाऱ्याला तो ते दाखवतो.

गाई मात्र बसत नाहीत. पूर्वी ऊन चढलं की झाडाखाली पाय दुमडून निवांत रवंथ करायच्या. आता दुपारभर उभ्या. एकीचं डोकं दुसरीच्या पोटाखाली, कारण सावली तेवढीच उरलीय. शेणाने माखलेल्या शेपट्या एकमेकींच्या डोळ्यांवर बसतात. दांडग्या मध्ये घुसतात, गरीब बाहेर फेकल्या जातात आणि हौदाला चिकटून उभ्या राहतात. हौदात बोटभर लाळेचा थर, त्यात शेण. तोटी तुंबली म्हणून मी कोपरापर्यंत हात घातला. तीनदा साबण लावला तरी वास जाईना. घास तोंडाशी नेला आणि ओकारी आली. समोर दादा मिटक्या मारत जेवत होता. म्हणाला, "गुरं आहेत, होईल सवय." सख्खा भाऊ, पण त्याच्या ओठांकडे बघवेना.

ठेंगणी गेली, वहिनी. गुरुवारी हौदाशेजारी भर उन्हात कोसळली. सात महिन्यांची गाभण होती. मी पोचले तेव्हा जीभ बाहेर, श्वास मोजता येऊ नयेत इतके भराभर. गड्यांनी आणि मी बादल्याच्या बादल्या ओतल्या. वासरूही गेलं.

"आधीपासून अशक्तच होती ती," दादा म्हणाला.

"अशक्त नव्हती रे, गाभण होती!"

तो फोन कानाला लावून निघून गेला. त्याची पाठ पाहून शिसारी आली.

सगळं त्याच्या माथी मारून पत्र संपवायचं ठरवलं होतं. दोनदा तसं लिहिलं आणि फाडलं.

तुम्ही माहेरी गेलात त्या दिवशी दादाने तुमच्यासमोर गुरांची डॉक्टर म्हणून मी सही केलेला कागद आपटला होता. झाडांखाली चिखल, चिखलाने कासेचे आजार, सबब झाडं काढावीत. तो त्याने माझ्याकडून लिहून घेतला, असं तुम्हाला वाटत असेल. नाही. मी आपणहून लिहिला. चिखल एकाच झाडाखाली होता; चार पाट्या मुरूम टाकून भागलं असतं. शिकताना दोन उन्हाळे मी गाईंचे श्वास मोजलेत. सावलीने काय होतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

काल कळलं, शेजारच्या दूधवाल्याने त्या कागदाची नक्कल नेली. धावत गेले. त्याच्या कुरणातल्या पहिल्या झाडाच्या बुंध्याला करवत लागलेली. मी मध्ये उभी राहिले.

"डॉक्टरीणबाई, सही तुमचीच ना?"

"माझीच. पण लिहिलंय ते खोटं आहे."

"खोटं? आणि ते कशासाठी?"

मी बुंध्यापासून हलले नाही. त्याने करवत थांबवली, पण ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं, त्या नजरेने तर मी हौदाकडेही पाहिलं नव्हतं.

कशासाठी, ते तुम्हाला सांगते. तुम्ही आल्यापासून दादा गाईंचं काहीही विचारायचं तर तुम्हाला विचारायचा. एवढी शिकून मी घरात फक्त सुया टोचायला. तुम्ही म्हणालात झाडं राहू देत, म्हणून मी लिहिलं काढा. बस, एवढंच कारण. इतकं क्षुद्र की लिहितानाही अंगावर पाल पडल्यासारखं होतंय.

दादाला आज हे सगळं सांगितलं. तो हसला, म्हणाला, "आता काय, झाडं चिकटवायची?" खांब रोवून मी सावलीसाठी जाळी ताणली आहे. गाई तिच्याखाली मावत नाहीत.

परत या, असं म्हणायला मला तोंड नाही. माफ करा असंही लिहीत नाही. ठेंगणीला ते ऐकू जाणार नाही.

जिने जाणूनबुजून हे केलं, ती
तुमची नणंद