गुरुवार सोडून

थेरगाव,
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

प्रिय नवनाथ,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे ठीक. दिघीतही तसेच असावे. फोन करणार होतो, पण तुझ्यामागे मशीन धडधडत असते आणि मी मुद्द्यावर येईपर्यंत तुझी जेवणाची सुट्टी संपते. म्हणून कागद.

तू विचारले होतेस, "पंडित, एवढ्या बियरी चाखल्या, आवडली कंची ते तर सांग." सांगतो. स्वरूपाने पहिल्या पगारात बापाला हिंजवडीला नेऊन जी गव्हाची पाजली, तिचा मान अजून पहिला. दिसायला गढूळ, पण पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास. सत्यनारायणाच्या शिऱ्याशेजारी बसल्यासारखे वाटते. हे तुझ्या भाग्यश्रीवहिनीला सांगितले तर म्हणाली, "देवाला तरी सोडा." मग ती काळी, कॉफीच्या चवीची. पहिल्यांदा काढा समजून परत पाठवत होतो. आता हिवाळा तिच्यावाचून लागल्यासारखा वाटत नाही. तरुण मुले जिच्यावर जीव टाकतात ती अतिकडू मात्र जमली नाही. मी शाळेत शिकवतो त्या संस्कृतात मद्याला इतके शब्द आहेत की पूर्वजांनी ते नुसते पाठ केले असतील असे वाटत नाही; पण या कडूपणाला त्यांच्याकडेही शब्द नसावा.

तू ज्या साध्या बाटलीची तारीफ करत आलास, ती मी मुद्दाम बाकी ठेवली. मी नुसते ताक पिणारा होतो तेव्हा तिच्यावरूनच मला चिडवायचास ना. म्हटले, ती तुझ्यासमोरच उघडायची. फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या मागे आडवी आहे.

पण आपले कधी जमले? तुमच्या कंपनीची सुट्टी गुरुवारची, आणि गुरुवार तुझ्या दत्ताचा. त्या दिवशी तू थेंबाला शिवत नाहीस. माझी सुट्टी रविवारची, तेव्हा तुझी सेकंड शिफ्ट, नाहीतर ओव्हरटाइम. "गुरुवार सोडून कधीबी बोलव, पंडित, मी हाय." आणि गुरुवार सोडला की तू नसायचास. पूर्वी चहाला तरी यायचास. मला नवा छंद लागला आणि मीच म्हणालो, आता चहावर काय भेटायचे, बसू एकदा नीट. तेव्हापासून चहाही गेला.

परवा लग्नात यशोदावहिनी भाग्यश्रीला भेटल्या. म्हणाल्या, युनिट गुजरातेत साणंदला हलतेय, महिनाअखेरीस तुम्ही निघणार. अर्धे आयुष्य ज्याने मला बिअरवरून छळले, त्याची बदली नेमकी दारूबंदीच्या राज्यात. मी हसलो. मग बराच वेळ हसलो नाही. तू स्वतः कळवले नाहीस म्हणून रागवायचेही ठरवले होते.

पण कळवायचे माझेही राहिले आहे. डॉक्टरांनी बिअर बंद केली. थोडी कमी नाही, बंद. यकृत बिघडले आहे. त्यात बिअरचा वाटा थोडा, पुरणपोळ्यांचा जास्त, असे ते म्हणाले. भाग्यश्रीने फक्त पहिले अर्धे वाक्य ऐकले. घाबरू नकोस, चालता-बोलता आहे. फक्त वरची आवडीनिवडीची यादी आता इतिहास समज.

ती बाटली तुला तिकडे नेता येणार नाही, मला इथे उघडता येणार नाही. राहू दे तिथेच. भाग्यश्री कोथिंबीर काढताना तिला बाजूला सरकवते, टाकत नाही.

मला राहून राहून एकच वाटते. इतके गुरुवार संध्याकाळी तू घरी होतास, मी शाळेतून सुटलेला होतो, आणि मधे फक्त एक बाटली होती.

या गुरुवारी ये. मी शाळेत रजा टाकली आहे. भाग्यश्रीला ताक करायला सांगतो, आले-जिरे लावून. दत्ताची हरकत नसावी. वहिनींना आण. मला जितके चिडवायचे राहिले असेल तितके चिडव.

तुझा,
आता गुरुवारीही चालणारा,
रंगराव