चिंध्यांचा धूर

बिश्केक, ७ डिसेंबर

प्रिय बुरुल एजे,

मागच्या पत्रात मी तुला चुकीचं लिहिलं. तुझ्या नुरैमचा खोकला कोळशावरच्या वीज केंद्राच्या धुराचा आहे, तो सगळ्या शहरावर सारखाच पसरतो, तेव्हा तिला घरातून हलवून उपयोग नाही, असं मी म्हटलं होतं. धाकट्या बहिणीच्या भरवशावर तू तिला तुझ्याकडे मॉस्कोला न्यायचा विचार सोडलास. ते खरं नव्हतं.

आमच्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने आपल्या गल्लीतल्या शाळेच्या गच्चीवर हवा ओढणारं यंत्र ठेवलंय. त्यातली पांढरी गाळणी रोज बदलायची आणि तिच्यावरच्या काजळीत काय आहे ते तपासायचं. मी महिन्याची सरासरी काढली, कोळसा दिसला आणि तिथेच थांबले. नंतर एकेक दिवस वेगळा मांडला. शुक्रवार ते रविवार, म्हणजे लोक वाफेच्या आंघोळीला येतात आणि बाबांचा हमाम पेटतो तेव्हा, गाळणी जास्त काळी होते आणि तिच्यात अँटिमनी सापडतो. कोळशात हा धातू नावापुरता असतो, पॉलिस्टरच्या कापडात बराच. बाबा भट्टीत शिलाई कारखान्यांतल्या चिंध्या जाळतात, हे तुला ठाऊकच आहे.

तरी माझी खात्री होईना. भट्टीतली राख काडेपेटीत भरत होते, तेवढ्यात बाबा आले. “राख कशाला गं? विद्यापीठात भांडी घासायला लावतात वाटतं,” म्हणाले आणि स्वतःच हसत राहिले. मीही हसले आणि काडेपेटी खिशात टाकली. गणिताचं उत्तर आलं की उलटं करून ताळा पाहायचा, हे त्यांनीच मला शाळेत घालायच्या आधी हमामच्या बाकावर बसवून शिकवलेलं. राखेतही तेच निघालं.

काल मी विषय काढला. कोळसा वापरा म्हटलं, तर म्हणाले, कोळशाच्या खर्चाने हमाम बुडेल, मग तुझ्या गाळण्या उकळून खाऊ. नुरैम भट्टीमागच्या उबदार खोलीत झोपते. आपली आई गेल्यापासून बाबा तिच्या उशाशीच अंथरूण घालतात, ती खोकली की उठून पाठ चोळतात. ते पाहिल्यावर तोंड उघडवत नव्हतं. तरी विचारलं, तिला डोंगराकडच्या माझ्या खोलीवर नेऊ का. तिथलीही गाळणी मी तपासली आहे. हवा स्वच्छ म्हणता येणार नाही, पण काजळी पुष्कळ कमी आहे. बाबांचा चेहरा उतरला. “आपली रीतच आहे, पहिलं नातवंड आजोबांचं. बुरुलने ती मला दिली. मला बाबा म्हणते ती. तू कोण नेणारी?”

दिलेलं मूल परत मागणं म्हणजे त्यांच्या म्हातारपणावर पाणी ओतणं, हे मला कळतं. पण मी नुसती मावशी आहे, तू तिची आई. ‘ने’ असं तूच म्हणालीस तर ते कदाचित अडवणार नाहीत. फोनवर तुझ्याशी बोलले असते, पण ते शेजारी बसून ऐकतात, म्हणून उद्या विमानाने तुझ्याकडे मॉस्कोला येणाऱ्या शेजारणीच्या हाती हे पत्र देते आहे. वाचल्याबरोबर त्यांना फोन कर. तू नाही केलास, तरी त्यांना तोंडावर सांगून, भट्टी पुन्हा पेटायच्या आधी मी नुरैमला घेऊन निघणार आहे, येत्या गुरुवारी, ११ डिसेंबरला.

तुझीच,
जिबेक