अस्तराखालचा कापूस

अंधेरी (पूर्व), ६ फेब्रुवारी २०२४

चि. दर्शूस, ताईचा सप्रेम जयभीम वि.वि.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, तू ओरडतेस आणि शेजाऱ्यांना वाटतं बहिणी भांडतायत. म्हणून पत्रच बरं. भाजी आणायला गेले तरी दोनदा टेकावं लागतं, पाय भरून येतात, म्हणून माझ्या लेकाने, विकीने, अखेर मला मणक्याच्या डॉक्टरकडे नेलंच. एक्स-रेत कणा कमरेपाशी इतका कललेला की मी म्हटलं, हा दुसऱ्या कुणाचा असेल! मी तर आरशात सरळ दिसते ना? तीस वर्षं तू माझे ब्लाउज शिवतेस, एक सुरकुती नाही.

डॉक्टर म्हणतात, वयानं मणके झिजून असं होतं. वाक वाढत असेल तर स्क्रू-सळ्या घालून सरळ करू, नाहीतर व्यायामावर भागवू. पण वाढला किती ते कसं कळणार? जुना एक्स-रे नाही. आणि मला सांग, हाडात स्क्रू पिळतात तरी कसा गं?

माया आहे तशीच राहू दे.
तुझी जयाताई

मुलुंड (पूर्व), ११ फेब्रुवारी

ति. जयाताईस, दर्शनाचा सादर जयभीम वि.वि.

पत्र वाचलं आणि मशीनवरचं काम तसंच टाकलं. ताई, तो एक्स-रे तुझाच आहे. माझ्याकडे मापांची वही आहे. २०१४ला तुझा डावा खांदा पाव इंच खाली होता, २०१९ला पाऊण, गेल्या बुद्धपौर्णिमेला सव्वा. दरवेळी मी त्या खांद्याला अस्तराखाली कापूस भरला, उजवीकडची शिवण आखूड केली आणि गप्प बसले. आम्हा शिवणाऱ्यांची खोडच ती, अंगातली खोट कापडात जिरवायची, गिऱ्हाइकाला बोलायचं नाही. पण तू काय गिऱ्हाईक होतीस? भाऊजी गेल्यावर ताठ मानेनं घर चालवलंस, तुला वाकडी कशी म्हणू?

तुझं दुखणं मीच झाकलं गं. मापं उतरवून पाठवतेय, डॉक्टरांना दाखव. रागव, पण बोलणं टाकू नको.
तुझी दर्शना

अंधेरी, २ मार्च

चि. दर्शूस, जयभीम.

चार दिवस तुझ्यावर भयंकर चिडले होते. दहा वर्षं माझ्या पाठीचं तुला ठाऊक आणि मलाच नाही! शेवटी मापं नेली. डॉक्टर हसतील वाटलं, तर त्यांनी कागद दोनदा वाचला. एवढ्यावर ठरवणार नाही म्हणाले, पण पुढच्या तपासण्या केल्या. नसा दबल्यात. ऑपरेशन एकवीस तारखेला.

मी प्रश्न विचारून त्यांचं डोकं खाल्लं. विमानतळावर शिट्टी वाजेल का? वाजू शकते. उंची वाढेल? थोडी. मग धोकेही सांगितले, पायांत अशक्तपणा येऊ शकतो, सळी मोडू शकते. आणि कंबर पूर्वीसारखी वाकणार नाही. भीती वाटते गं, पण मला चालायचंय. त्या दिवशी ये. अर्धा राग उरलाय, तो भेटीत संपवू.
जयाताई

अंधेरी, ७ जुलै

चि. दर्शूस, जयभीम.

काल चौकापर्यंत गेले आणि कुठेही न टेकता परत आले! चपला घालायला वाकता येत नाही, त्या विकी घालतो आणि लहान मुलासारखं मला दटावतो. वाक सगळा गेला नाही. जेवढं सरळ करणं सुरक्षित तेवढंच केलं म्हणतात. डावा खांदा अजून जरा खालीच आहे. काल ब्लाउज काढून आरशासमोर उभी राहिले आणि नीट बघितला, जन्मात पहिल्यांदा.

नव्या ब्लाउजला कापूस किती भरू, असं तू विचारलंस. भरू नको. जेवढी वाकडी उरलेय तेवढी दिसू दे.
तुझीच,
ताई